पाळत की सोबत?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आमच्या आळीतला सोळा वर्षांचा एक मुलगा पाण्याच्या मोटारीची केबल चोरताना सापडला होता. (त्याचे नाव लिहीत नाही, अशा मुलाची ओळख छापण्यास कायद्यानेच मनाई आहे.) बाल न्याय मंडळाने त्याला वर्षभरासाठी परिवीक्षेवर आईच्या हवाली केले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आळीला वाटते, याला सगळे ठाऊक. त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, मला म्हणाली, "बाबा, आता याला धाकात ठेवू का मायेत घेऊ? तू शिकतोस, तूच सांग." ओट्यावर बसलेले अण्णा म्हणाले, "एकदा तुरुंग आतून दाखवून आणा, सरळ होतोय का नाही बघा."

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर समाजशास्त्राच्या सरांना विचारले, ग्रंथालयात बसलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

परिवीक्षा म्हणजे गुन्हेगाराला कोंडून न ठेवता, चांगल्या वर्तनाच्या अटीवर, कोणाच्या तरी देखरेखीखाली समाजातच राहू देणे. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या चर्मकाराने १८४१ साली एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले, तेथून या पद्धतीचा उगम मानतात. आपल्याकडे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. एकवीस वर्षांखालील अपराध्याला शक्यतो तुरुंगात धाडू नये, धाडायचे तर न्यायालयाने कारणे नोंदवावीत, असे तो सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. त्यानुसार तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेवर सोडता येते.

सोडावे हे कायदा सांगतो. पण सोडल्यावर देखरेख कशी करावी? याचे निरनिराळे मार्ग परदेशात नुसते सुचवले गेले नाहीत, तर तपासलेही गेले.

पहिला मार्ग अण्णांचा. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांना समोर बसवून दरडावत, तुरुंगातले हाल ऐकवत. १९७८ साली त्यावर चित्रपट निघाला आणि हा उपाय गाजला. फिन्केनॉर या अभ्यासकाने तुरुंग पाहून आलेली मुले आणि न गेलेली तशीच मुले यांची तुलना केली, तेव्हा जाऊन आलेल्यांनीच अधिक गुन्हे केल्याचे आढळले. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्याचाही निष्कर्ष तोच निघाला: काहीच न करणे यापेक्षा बरे.

दुसरा मार्ग कडक पाळतीचा. वारंवार हजेरी, अचानक घरी भेटी, लघवीची तपासणी. पीटरसिलिया आणि टर्नर यांनी अमेरिकेत चौदा ठिकाणी हा मार्ग तपासून १९९३ साली निष्कर्ष मांडले. ते प्रामुख्याने प्रौढांविषयीचे आहेत, पण बोधप्रद आहेत. नव्या गुन्ह्यांच्या अटका कमी झाल्या नाहीत. उलट अटी मोडल्याचे अधिक उघडकीस आले आणि त्यामुळे तुरुंगात परत जाणारे वाढले.

मग माया? मला सर्वांत जास्त चटका लावला तो येथे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून काही वर्षे एक प्रयोग चालला. ५०६ मुलांच्या जोड्या लावून, नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला मदत दिली. समुपदेशक घरी येत, अभ्यास घेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला. अनेकांनी कृतज्ञतेने सांगितले की, आम्हांला फायदा झाला. पण नोंदी वेगळेच सांगत होत्या. मदत मिळालेल्यांचे गुन्हे कमी नव्हते, आणि दारूचे व्यसन, आजार, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत तेच मागे होते. शिबिरांना वारंवार गेलेल्यांचे नुकसान अधिक झालेले दिसले. बिघडू पाहणारी मुले एकत्र आणली की ती एकमेकांकडूनच शिकतात, असा त्याचा अर्थ लावतात.

चौथा मार्ग गरज पाहून, घरासकट काम करण्याचा. मुलाची संगत, शाळा, आईबापांचा वचक, या सर्वांवर थोडे महिने नेटाने काम करायचे. मिसुरीतील १९९५ च्या अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे २६ टक्के पुन्हा पकडले गेले; नुसते वैयक्तिक समुपदेशन मिळालेल्यांपैकी ७१ टक्के. परंतु इंग्लंडमधील मोठ्या प्रयोगात (२०१८) हाच मार्ग तेथील नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे एका मातीतले रोप दुसऱ्या मातीत तसेच धरेल असे नाही.

यावरून मला दोन गोष्टी पटल्या. एक, हेतू चांगला असणे हा पुरावा नव्हे. 'अमुक उपाय केला आणि मुलगा सुधारला' एवढ्याने भागत नाही. तो उपाय न केलेल्या तशाच मुलाचे काय झाले, हेही पाहावे लागते. दुसरी, देखरेख किती केली यापेक्षा ती कशावर केली, हे महत्त्वाचे.

संक्रांतीला गेलो तेव्हा मावशीला म्हटले, "त्याला तुरुंग दाखवू नका, रात्रंदिवस पाठीवरही बसू नका. संध्याकाळी पाच ते नऊ तो कोणाबरोबर असतो, तेवढे बघा." भंगारवाल्याच्या दुकानातली दोन मोठी मुले, हे उत्तर तिला आधीच ठाऊक होते. मुलाने नववीत शाळा सोडली होती. दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज भरायचे ठरले. आता सुट्टीत संध्याकाळी मी त्याचे गणित घेतो.

अण्णांना हे अजून पटलेले नाही. उद्या तो मुलगा सुधारला, तरी माझाच उपाय लागू पडला असे मला म्हणता येणार नाही; एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. पण त्याचे बीजगणित कच्चे आहे, एवढे मात्र नक्की. तेथून सुरुवात केली आहे.