पैसे आले, हे कोणी सांगायचं?

‘दादा, गेले बघा,’ म्हणत गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं. वडापाववाल्याची नजर कढईवर असते आणि कान पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याकडे. ‘तीस रुपये प्राप्त झाले’ हे ऐकल्यावरच वडापाव कागदात गुंडाळला जातो. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हा दुकानदाराला एसएमएसवर किंवा गिऱ्हाइकाच्या पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर भागवावं लागे. ऐन गर्दीत एसएमएस कोण उघडून बघणार? आणि हिरवी खूण म्हणजे शेवटी चित्रच. तसंच चित्र दाखवणारी बनावट अ‍ॅप निघाली, जुना स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारेही निघाले. 2019 मध्ये पेटीएमने बोलणारा डब्बा आणला, मग इतर कंपन्यांनीही. त्याची खरी गोम आवाजात नाही, निरोप कुठल्या वाटेने येतो यात आहे. डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि पैसे मिळाल्याचा निरोप थेट पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून येतो. गिऱ्हाइकाचा मोबाइल मध्ये येतच नाही. यंत्रावरचा विश्वास बसतो तो असा: ज्याचा व्यवहारात स्वार्थ आहे, त्याच्या हातात निरोप नसला की.

यावर कोणी म्हणेल, रेंज गेली की डब्बा गप्प बसतो, मग खरे पैसे देणारा उगाच चोर ठरतो. आक्षेप रास्त आहे. पैसे आले नाहीत म्हणून आलेली शांतता आणि नेटवर्क नाही म्हणून आलेली शांतता कानाला सारखीच. म्हणून यशाइतकंच अडचणीबद्दलही यंत्राने बोलायला हवं. दुसरा आक्षेप असा की मोबाइलवर ‘व्यवहार प्रलंबित’ वाचून लोक घाबरतात, त्यापेक्षा ‘अयशस्वी’ म्हणून मोकळं व्हावं. हा सल्ला महागात पडणारा आहे. बँकेचा निर्णय लागायच्या आत ‘अयशस्वी’ दाखवलं, तर माणूस पुन्हा स्कॅन करतो आणि दोनदा पैसे जातात. ‘अजून कळलेलं नाही’ हे खरं उत्तर असेल तर तेच द्यावं. फक्त ‘कधी कळेल’ हेही सोबत सांगावं. त्याची सोय आधीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदाराला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. नियम चांगला आहे, पण वडापावच्या गाडीसमोर ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला तो ठाऊक असेलच असं नाही. ‘प्रलंबित’ या शब्दाखाली परताव्याची शेवटची तारीख ठळक छापायला पडद्यावर जागा भरपूर असते; कॅशबॅकच्या जाहिराती तिथे आरामात मावतात.