कंपवात पोटातून वर चढतो का?

‘वडिलांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, पण बद्धकोष्ठ कितीतरी आधीपासून आहे. दोन्हींचा संबंध असेल?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. असू शकतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सनला ही शंका १८१७ मध्येच आली होती. कंपवातावरच्या त्याच्या पुस्तिकेत रुग्णांच्या मंदावलेल्या आतड्यांची नोंद आहे. पोटाच्या बिघाडातून हा रोग उद्भवत असावा, असंही तो म्हणतो. कसा, ते उलगडत नाही हेही कबूल करतो. पुढच्यांनी त्यातला हाताचा कंप तेवढा उचलला!

लेवींचंही तसंच झालं. कंपवाताच्या मेंदूपेशींतले गोळे फ्रिट्झ लेवींनी १९१२ मध्ये वर्णिले. आज ते ओळखले जातात मेंदूतल्या ‘काळ्या द्रव्या’साठी, पण तिथे ते दाखवले त्रेत्याकॉफने, १९१९ मध्ये. लेवींना ते ज्या जागांवर दिसले होते, त्यांतली एक होती व्हेगस मज्जातंतूचं उगमकेंद्र. आणि व्हेगस थेट पोटात उतरतो.

आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, ऑवरबाखचं मज्जाजाल पसरलेलं असतं. मालकिणीला न विचारता पंगत उठवणाऱ्या जुन्या स्वयंपाकीणबाईसारखा त्याचा कारभार. बाहेरच्या नसा तोडल्या तरी आतडं घासाच्या मागे आवळतं, पुढे सैलावतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हे १८९९ मध्ये दाखवलं. कंपवाताच्या रुग्णांत याच जाळ्यात, विशेषतः अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जपानी संशोधकांना १९८८ मध्ये लेवींचे गोळे सापडले: गुलाबी ठिपका, भोवती फिकट कडं. त्यांत अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन साचलेलं असतं, हे कळायला १९९७ उजाडलं.

२००३ मध्ये संशोधक ब्राक यांनी मांडलं की हा बिघाड पोटात सुरू होऊन व्हेगसमधून मेंदूत चढत असावा. अल्सरसाठी पूर्वी व्हेगसचं खोडच कापत. अशा डॅनिश रुग्णांत कंपवात कमी आढळला. २०१९ मध्ये उंदरांच्या आतड्यात बिघडलेलं हे प्रथिन टोचलं, ते मेंदूत पोचलं. व्हेगस कापलेल्या उंदरांत पोचलं नाही.

झालं, ‘कंपवाताचं मूळ पोटात’ असे मथळे झळकू लागले. जरा दमानं घ्या. काही रुग्णांत व्हेगसचं केंद्र निर्मळ असतं. निरोगी माणसांच्या आतड्यातही हे प्रथिन दिसतं, त्यामुळे आतड्याचा तुकडा तपासून निदान होत नाही. पोटातून सुरू होणारा एक आणि मेंदूतून सुरू होणारा दुसरा, असे दोन प्रकार असावेत, हे संशोधक बोर्गहॅमर यांचं म्हणणं मला जास्त पटतं.

वाचकाच्या वडिलांसाठी मात्र पोटाचा मुद्दा आजचाच आहे. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी शोषली जाते लहान आतड्यात. जठर सुस्त असेल तर ती तिथेच अडकते. सोबत पोटभर डाळ-पनीर असेल तर प्रथिनंही तिची वाट अडवतात. गोळीची आणि जेवणाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि बद्धकोष्ठाचं त्यांना आवर्जून सांगा.