निधीवाचून उभी राहिलेली चळवळ : आर. आर. आबांचे कार्य

जामनेर तालुक्यातील पहूर, शेंदुर्णी, नेरी, फत्तेपूर अशा गावांच्या पेठा शेतकऱ्याच्या हंगामावर चालतात. कापूस विकला गेला की उधारी फिटते; पाऊस लांबला की खातेवहीची पाने वाढत जातात. अशा पेठेत गावाचे आरोग्य आणि गावातील सलोखा या गोष्टी दुकानाबाहेरच्या राहत नाहीत. पाण्यामुळे साथ पसरली किंवा बांधावरून दोन भाऊबंद न्यायालयात गेले, तर त्याची झळ गल्ल्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच माजी ग्रामविकास व गृहमंत्री रावसाहेब रामराव पाटील, म्हणजेच महाराष्ट्राचे आर. आर. आबा, यांच्या कार्याकडे व्यापारी समाजाने थोडे बारकाईने पाहावयास हवे.

आबांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ रोजी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, अंजनी या गावी झाला. घरची स्थिती बेताची. जिल्हा परिषदेतून ते राजकारणात आले आणि १९९० साली तासगावमधून विधानसभेत निवडून गेले. १९९९ मध्ये ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले. त्या काळी मंत्र्यांच्या नजरेत हे खाते फारसे मानाचे नव्हते.

या खात्यातूनच २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याची आर्थिक रचना पाहण्यासारखी आहे. सरकारी योजनेत सहसा आधी निधी येतो, मग काम होते. पुष्कळदा निधीच तेवढा येतो. येथे काम करण्यासाठी गावाला पैसा दिलाच नाही. गावाने श्रमदान करावे, वर्गणी काढावी, गटारे वाहती करावीत, पाण्याचे उद्भव स्वच्छ ठेवावेत, शौचालये बांधावीत; त्यानंतर तपासणी होईल आणि जे गाव सरस ठरेल त्याला बक्षीस मिळेल. बक्षिसाची पायरी स्थानिक पातळीपासून राज्यापर्यंत चढत जाणारी होती. सरकारच्या थोड्या रकमेने गावोगावची कितीतरी पट अधिक रक्कम व मेहनत बाहेर काढली. गुंतवणुकीच्या भाषेत याहून चांगला परतावा क्वचितच आढळेल.

पैशापेक्षाही मोठा बदल संकोचाच्या बाबतीत घडला. हागणदारी हा शब्द ग्रामसभेत उघडपणे उच्चारला जाऊ लागला. अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या बायकांची कुचंबणा हा सार्वजनिक प्रश्न ठरला. पर्यावरण आणि समाजसुधारणा येथे एकाच खराट्याने हाती घेतल्या गेल्या. गाडगेबाबांचे नाव देण्यातही औचित्य होते. बाबांनी कीर्तनाच्या आधी गाव झाडले, अनुदान मागितले नाही. केंद्र सरकारने २००३ साली निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक गावे त्यासाठी आधीच सज्ज होती. अर्थात, बक्षिसानंतर काही ठिकाणी शौचालयांत सरपण आणि कडबा भरला गेला, हेही खरे.

पुढे गृहखाते सांभाळताना आबांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी आणि बांधाचे, वाटणीचे, वहिवाटीचे, देण्याघेण्याचे तंटे सामोपचाराने मिटवावेत, ही तिची पद्धत. व्यापारी पेठेला ही कल्पना नवी नव्हती. मालाच्या प्रतीवरून किंवा हुंडीवरून वाद झाला तर चार जाणत्यांनी गादीवर बसून निवाडा करावयाचा, ही जुनी रीत होती. मात्र त्या निवाड्यात लहान कुळाला आवाज किती होता, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ग्रामसभेतून निवडलेल्या समितीपुढे निदान दोन्ही पक्षांना सर्वांसमक्ष बोलता येते.

येथे एक अवघड विषय येतो. शेतकरी आत्महत्यांच्या काळात आबांनी खासगी सावकारांविरुद्ध अत्यंत कठोर भाषा वापरली. ती अनेक प्रतिष्ठित घरांना झोंबली, कारण गावच्या पेठेत उधारी आणि सावकारी यांमधली रेषा पुसट असते. बी-बियाण्यासाठी वेळेवर हात देणारा दुकानदार आणि जमिनीचे खरेदीखत करून घेणारा सावकार यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पण दुसऱ्या प्रकारचे लोक होते, हे नाकारण्यातही अर्थ नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने ही रेषा अधिक ठळक केली. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा ठरला आणि सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याची तरतूद झाली. ज्यांच्या वह्या स्वच्छ आहेत, त्यांना या कायद्याचा त्रास होण्याचे कारण नाही.

आबांचे सारेच निर्णय टिकले नाहीत. २००५ ची डान्सबार बंदी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. हेतूला समाजाचा मोठा पाठिंबा होता, तरी बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या स्त्रियांनी उद्यापासून काय करावे, याचे पुरेसे उत्तर सरकारजवळ नव्हते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्यांना राजीनामाही द्यावा लागला. पुढच्या वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुखाच्या कर्करोगाने आबांचे निधन झाले, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. पुढे राज्य शासनाने स्मार्ट ग्राम योजनेला त्यांचे नाव दिले आणि आज सुंदर गावाचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. तंटामुक्त समित्या मात्र कित्येक गावांत केवळ फलकावर उरल्या आहेत. त्या पुन्हा बसत्या करण्यासाठी नवा निधी लागत नाही. ग्रामसभेला हजर राहणारी, हिशेब जाणणारी आणि दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली चार माणसे लागतात, आणि तालुक्याच्या पेठांत तशी माणसे आजही आहेत.