क्रमाची आठवण

ग्रंथाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, शेवटी सूची. अनुक्रमणिका प्रकरणांचा क्रम सांगते. सूचीत नाव चटकन सापडते, पण कोणते नाव आधी आले हे तिच्या मांडणीवरून कळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीत हे दोन्ही गुण एकत्र आणणे हा बराच काळ पेच होता.

‘मॅप’ म्हणजे किल्ली आणि तिचे मूल्य अशा जोड्यांचा संग्रह. १९५३ मध्ये आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी हॅशिंगची कल्पना मांडली. किल्लीवर गणित करायचे आणि उत्तर येईल त्या खणात नोंद ठेवायची. शोधताना तेच गणित पुन्हा केले की काम झाले. मात्र खण गणिताने ठरतो, आगमनाने नव्हे. म्हणून पहिली आलेली नोंद वाचताना सातवी निघू शकते.

२००२ मध्ये जावा भाषेच्या १.४ आवृत्तीत ‘लिंक्डहॅशमॅप’ आला. त्यात प्रत्येक नोंद खणात तर बसतेच, शिवाय मागच्या-पुढच्या नोंदींचा हातही धरून असते. शोध खणांतून होतो, वाचन साखळीवरून. किल्लीचे मूल्य बदलले तरी तिची जागा हलत नाही. काढून पुन्हा घातली तर ती रांगेच्या शेवटी जाते. किंमत एवढीच, की नोंदीमागे दोन जादा दुवे सांभाळावे लागतात.

पायथनची वाट वेगळी. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये स्मृतीच्या बचतीसाठी सुचवले, की नोंदी आल्या तशा सलग ठेवाव्यात आणि विरळ खणांत केवळ त्यांचे क्रमांक. २०१६ च्या ३.६ आवृत्तीत हे उतरले आणि क्रम आपसूक मिळाला. पण ते वचन नव्हते. वचन २०१८ च्या ३.७ आवृत्तीने दिले. गो भाषेने उलट केले. कोणी विसंबू नये म्हणून वाचनाचा क्रम मुद्दामच बदलता ठेवला.

हा फरक किरकोळ नाही. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या नियमाने अर्ज घेणारी आज्ञावली साध्या हॅशमॅपवर उभी असेल, तर कुठलीही चूक न दाखवता ती कुणाची तरी पाळी हिरावून घेईल. क्रम दिसतो आहे एवढ्याने भागत नाही. तो राखण्याचे वचन कुणी दिले आहे का, हे आधी पाहावे लागते.