३७ सेकंद

पहाटे ५.४५. रात्रपाळीवाला जांभई देत लॉगबुक पुढे सरकवतो. "सगळं नॉर्मल." बंगळुरातल्या आमच्या ग्राउंड स्टेशनवर नॉर्मल म्हणजे रात्रभर कुणी कीबोर्डला हात लावला नाही.

६.१०. आजच्या पासांपैकी, म्हणजे आमच्या आकाशातून जाणाऱ्या फेऱ्यांपैकी, दोन पाहुण्या उपग्रहाचे, परदेशी संस्थेच्या. त्याच्या कक्षेची ओईएम फाइल रात्रीच येऊन पडलीय. साधी टेक्स्ट फाइल: वर उपग्रहाचं नाव आणि वेळ कुठल्या घड्याळाची ते, खाली ओळीमागून ओळ वेळ, स्थान, वेग. अंतराळ संस्थांच्या सीसीएसडीएस समितीनं हा साचा २००४मध्ये ठरवून दिला. त्याआधी ज्याचा त्याचा तक्ता. कुणी मीटर लिही, कुणी किलोमीटर, आणि उतरवून घेणारे आम्ही. आता प्रोग्रॅमच फाइल वाचतो, पासची वेळ काढतो, अँटेनाचे कोन बनवतो.

६.४०. आज मात्र पडद्यावर लाल ओळ.

"सर, फाइल तर तपासणीत पास झालीय," नवी मुलगी म्हणते.

झालीच असणार. सगळं जिथल्या तिथे आहे. पण कालच्या कक्षेशी ताडलं, तर उपग्रह ३७ सेकंद उशिरा येतोय. हा आकडा ओळखीचा. अणुघड्याळांची टीएआय वेळ २०१७पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, बरोबर तेवढीच पुढे आहे. आकडे टीएआयचे, लेबल यूटीसीचं! ३७ सेकंदांत हा उपग्रह सुमारे २८० किलोमीटर जातो. आमची अँटेना त्याच्या मागच्या रिकाम्या आकाशाकडे बघत बसली असती.

७.०५. फोन. तिकडे रात्रीचे साडेतीन. फाइल स्टँडर्डप्रमाणेच आहे, असं समोरचा ठासून सांगतो. मी एवढंच म्हणतो, "फरक ३७चा आहे." थोडी शांतता, मग कीबोर्डची टकटक. अर्ध्या तासात नवी फाइल.

८ ते १०. इडली, दोन कॉफ्या, आमचे स्वतःचे पास. सांगण्यासारखं काही नाही.

१०.२२. क्षितिजाच्या वर ५ अंशांवर सिग्नल लॉक. पुढची ११ मिनिटं टेलिमेट्रीच्या फ्रेम एसएलई या प्रमाणित दुव्यावरून थेट त्यांच्या कंट्रोल रूममध्ये. आम्हाला फक्त मोजणी चढताना दिसते. आतला मजकूर त्यांचा. पास संपताच डॉप्लरची मोजमापं टीडीएम फाइलीतून आपोआप रवाना.

१.५०. लॉगबुकात दोन ओळी. कालच्या कक्षेशी ताडून बघणं ओईएमच्या साच्यात येत नाही. ते आम्ही मागाहून जोडलं, असाच एक पास हातचा गेल्यावर.