मोसिदाद : सालाझारशाहीचे बालदल

दूधगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या सदलग्याहून निपाणीस यावे, तेथून बेळगावचा रस्ता धरावा आणि सह्याद्रीचा घाट उतरून गोमंतकात पाऊल टाकावे, हा प्रवास आज एका दिवसात सहज होतो. परंतु १९६१ च्या डिसेंबरपूर्वी याच वाटेच्या शेवटी अशी एक सरहद्द उभी होती की, जिच्या अलीकडे सरकारशी मतभेद बोलून दाखवणे हा नागरिकाचा हक्क मानला जाई आणि पलीकडे तोच राजद्रोह ठरे. पलीकडच्या त्या हुकूमतीचे तुरुंग, तिचे गुप्त पोलीस आणि तिच्या लष्करी न्यायालयांनी ठोठावलेल्या शिक्षा यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या हुकूमतीने स्वतःच्या मायदेशी मुलामुलींसाठी जी एक संस्था उभारली होती आणि जिचा विस्तार पुढे वसाहतींपर्यंत केला, त्या संस्थेची ओळख आपल्याकडे फारशी नाही. तिचे नाव ‘मोसिदाद पोर्तुगेझा’, म्हणजे पोर्तुगीज युवक संघटना.

आंतोनियो द ओलिव्हेइरा सालाझार १९२८ साली पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला, १९३२ साली पंतप्रधान झाला, आणि १९३३ च्या नव्या राज्यघटनेने त्याच्या ‘नव्या राज्या’ची प्रतिष्ठापना झाली. ही राजवट सर्वंकष म्हणावी की केवळ हुकूमशाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिटलरच्या जर्मनीशी तुलना करता तिने सांडलेले रक्त पुष्कळ कमी होते, आणि राज्यसत्तेला नीतीची मर्यादा असते असे सालाझार स्वतः सांगत असे. परंतु सत्तेची खरी आकांक्षा पारखावयाची असेल, तर तिने प्रौढांपासून काय हिरावून घेतले एवढेच पाहून भागत नाही. ती सात वर्षांच्या मुलाकडे आणि मुलीकडे काय मागते, हेही पाहावे लागते. या कसोटीवर सालाझारशाहीचे दफ्तर उघडले की तिचे सौम्यपण पुष्कळसे वरपांगी ठरते.

१९ मे १९३६ च्या फर्मानाने मोसिदादची स्थापना झाली. शिक्षणमंत्री आंतोनियो कार्नेइरो पाशेको याच्या कल्पनेतून ती उतरली, आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांना तिचे सदस्यत्व सक्तीचे करण्यात आले. वयोमानानुसार तिच्या चार श्रेणी होत्या : सात ते दहा वर्षांचे ‘लुझितो’, त्यांवरचे ‘इन्फांत’, मग ‘व्हॅनगार्दिस्त’ आणि सर्वांत वर ‘कादेत’. अंगात हिरवा सदरा, कमरेला पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या बकलावर ‘एस’ हे अक्षर, जे सेवेचेही आद्याक्षर होते आणि सालाझारचेही. हात ताठ पुढे करून रोमन पद्धतीची सलामी, कवायत, ध्वजवंदन, शिबिरे आणि संचलन, असा तिचा कार्यक्रम असे. पुढे सालाझारनंतर पंतप्रधानपदी आलेला मार्सेलो कायतानो हा १९४० ते १९४४ या काळात तिचा प्रमुख आयुक्त होता, यावरून राजवटीच्या लेखी तिची योग्यता काय होती ते कळून येते.

मुलींसाठी वेगळे दल काढावयास दीड वर्ष लागले. ८ डिसेंबर १९३७ रोजी ‘मोसिदाद पोर्तुगेझा फेमिनिना’ स्थापन झाली आणि मारिया गार्दियोला या शिक्षिकेकडे तिची सूत्रे आली. स्थापनेचा दिवस सहज निवडलेला नव्हता; मेरीमातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा तो सण, आणि पोर्तुगालात त्या काळी मातृदिनही त्याच दिवशी पाळला जाई. येथेही श्रेणी होत्या, गणवेश होता, वचनबद्धता होती. परंतु मुलांच्या दलात जेथे बंदुकीची पूर्वतयारी चाले, तेथे मुलींच्या दलात शिवण, पाककला, बालसंगोपन, आरोग्य, गायन आणि धर्मशिक्षण चाले. गोरगरिबांच्या नवजात अर्भकांसाठी मुली पाळणे सजवीत, दुपटी-अंगडी शिवीत, आणि त्यांची प्रदर्शने भरत. व्यायामास मुभा होती, मात्र लोकांसमोर होणाऱ्या क्रीडास्पर्धांना मज्जाव होता. कारण स्त्रीसुलभ लज्जेस त्याने धक्का पोहोचेल, अशी चालकांची धारणा होती. जर्मनीतल्या मुलींच्या दलाने मैदानावरील सामुदायिक कवायतींचे प्रदर्शन मांडले, आणि पोर्तुगालने ती मैदानेच मुलींपासून दूर ठेवली. दोहोंचे गंतव्य मात्र एकच होते : मुलाने राष्ट्रासाठी शस्त्र धरावे, मुलीने राष्ट्रासाठी मूल वाढवावे, आणि दोघांपैकी कोणीही आपणांस काय व्हावेसे वाटते हा प्रश्न विचारू नये.

ही शिकवण शिवणवर्गापुरतीच राहिली असती, तर तिला आपण कालबाह्य संस्कार म्हणून सोडून दिले असते. परंतु वर्गात जे गोड शब्दांत सांगितले जाई, तेच बाहेर कायद्याच्या कलमांत लिहिलेले होते. १९३३ च्या घटनेने नागरिकांची समता मान्य करताना स्त्रीच्या बाबतीत तिच्या ‘प्रकृती’चा आणि कुटुंबाच्या हिताचा अपवाद जोडला. १९३६ च्या एका हुकुमाने प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेस लग्नासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागे, आणि नियोजित वराची मिळकत पुरेशी आहे की नाही याचीही चौकशी होई. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांना विवाह करण्यास १९६३ पर्यंत बंदी होती. पतीच्या संमतीवाचून परदेशी जाण्याची मोकळीक विवाहित स्त्रीस १९६९ पर्यंत नव्हती. आणि गंमत नव्हे, विषाद असा की, चुलीपाशी स्थिरावलेल्या ज्या गृहिणीचे चित्र ही राजवट रंगवीत होती, ती गृहिणी गरिबाघरी कधी अस्तित्वातच नव्हती. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत बहुसंख्य हात स्त्रियांचे होते, जसे आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत ते स्त्रियांचेच असत. राबणाऱ्या बाईला आदर्शाचा मखर दाखवावा आणि तिच्या मजुरीविषयी मौन पाळावे, ही त्या शिकवणीची सर्वांत मोठी फसवणूक होती.

गोव्यात या संस्थेचे बळ मर्यादितच राहिले. सरकारी पोर्तुगीज शिक्षणात तिचा शिरकाव झाला, परंतु तेथील हिंदू समाजातील असंख्य मुले खासगी मराठी शाळांत शिकत होती, आणि पुढील शिक्षणासाठी बेळगाव, पुणे, मुंबई येथे येत होती. त्यामुळे राजवटीच्या शब्दकोशाबाहेरचे एक जग त्यांना मायबोलीतून आधीच भेटलेले असे. लिस्बनला जे सहज साधले ते पणजीस साधू शकले नाही, याचे एक कारण या साध्या पंतोजींच्या शाळांत शोधावे लागेल. मुद्रणावर कडक नियंत्रण होते आणि सभेस बंदी होती; अशा ठिकाणी मुलाच्या हातातले मराठी पुस्तक हीदेखील एक प्रकारची नाकबुली ठरत होती.

नाकबुलीचा उच्चार सर्वांत स्पष्ट केला तो स्त्रियांनी. पीटर आल्वारिस यांच्या नेतृत्वाखालील नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना बेळगावातून काम करीत होती. एप्रिल १९५५ मध्ये खुद्द म्हापशात, पोर्तुगीज पोलिसांच्या डोळ्यांदेखत, तिचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी होत्या सुधाताई जोशी, सत्तरीतल्या आंबेड्याचे साहित्यिक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. त्या पकडल्या गेल्या आणि त्यांनी दीर्घ कारावास भोगला. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात मध्यप्रदेशातल्या सागरहून आलेल्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा धरून पुढे सरसावल्या आणि गोळ्यांनी जखमी झाल्या. आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या रानात, व पुढे कॅसलरॉकच्या परिसरात, एका गुप्त रेडिओ-केंद्राचा संसार मांडला. सहा वर्षे त्या केंद्रावरून कोकणी व पोर्तुगीज भाषांत स्वातंत्र्याचा आवाज गोव्यात घुमत राहिला, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्तीची वार्ता विमानातून ध्वनिवर्धकावर पुकारण्याचा मान लिबियाबाईंना मिळाला. ज्या राजवटीने मुलींना पाळणा सजवण्याचे काम नेमून दिले होते, तिला उत्तर देणारी ही स्त्री रानात राहून प्रक्षेपणयंत्र सांभाळीत होती.

याच काळात घाटाच्या अलीकडे महाराष्ट्रात आणखी एक युवक संघटना वाढत होती. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलातही कवायत होती, गणवेश होता, झेंडा होता आणि गाणी होती. वरवर पाहणाऱ्यास दोन्ही संस्थांचे बाह्यरूप सारखेच वाटेल. भेद असा की, एस. एम. जोशी, साने गुरुजी यांच्या प्रभावाखालील या दलात कोणत्याही फर्मानाने मूल भरती होत नव्हते, आणि मुली मुलांच्या बरोबरीने शाखेत, अभ्यासवर्गात, कलापथकाच्या रंगमंचावर येत होत्या. घरची मंडळी नाके मुरडीत, परिचितांत कुजबुज होई, तरी मुलगी सायकलवर बसून शिबिराला जाई. तिला शिस्त मिळे, पण त्या शिस्तीचे दार आतून उघडता येत असे. गणवेशाने मूल बिघडत नाही आणि कवायतीने गुलाम होत नाही. ज्या संघटनेतून बाहेर पडण्याचा हक्क नाही आणि जिच्यात मुलीचे भवितव्य मुलीच्या जन्माबरोबरच ठरवून टाकलेले आहे, तीच माणसाला गुलाम करते.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली आणि तिच्याबरोबर मोसिदादचाही अंत झाला. ज्यांनी शासन पाडले, त्यांतील अनेक जण याच शालेय पिढीतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सक्तीच्या संस्कारावर विसंबणाऱ्या सत्तांचा हिशेब किती कच्चा असतो ते उमगते. आज आमच्या सीमाभागातील शाळा-मंडळांपुढे मुलांच्या संघटना उभारण्याचे काम आहे, आणि ते काम मोठे आहे. ते करताना प्रत्येक संस्थेस दोन प्रश्न विचारले जावेत असे मला मनापासून वाटते. मुलाला ‘नको’ म्हणता येते का, आणि मुलीला मुलापेक्षा वेगळा धडा का दिला जातो? या दोहोंचे समाधानकारक उत्तर जी संस्था देऊ शकत नाही, तिच्या हाती आपली लेकरे सोपवू नयेत.