न्यूपोर्टची रात्रपाळी

बिग बँडमधल्या वादकाचा कामाचा दिवस संध्याकाळी उजाडतो. ७ जुलै १९५६, शनिवार. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं न्यूपोर्ट, तिथलं फ्रीबॉडी पार्कचं मैदान आणि जॉर्ज वीन यांनी १९५४ साली सुरू केलेला जाझ महोत्सव. पियानोवादक, रचनाकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन सत्तावन्न वर्षांचे झालेत. दुसऱ्या महायुद्धानंतर नाचघरं ओस पडली आणि मोठे बँड एकामागून एक मोडले. एलिंग्टन मात्र जुन्या रचनांच्या मानधनातून पदरमोड करत आपल्या लोकांना पगार देत राहिले. आजच्या रात्री मंचावर ध्वनिमुद्रणाचे मायक्रोफोन आहेत, दोन वेगवेगळ्या मालकांचे. एक तबकड्या काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा, दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. ध्वनिमुद्रणाचं पुढचं सगळं या दोन मायक्रोफोनांमुळे घडलं.

रात्री साडेआठ. कार्यक्रमाची सुरुवात एलिंग्टन यांच्याकडेच आहे, पण काही वादकांचा पत्ता नाही. राष्ट्रगीत, ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’, ‘टी फॉर टू’, एवढं वाजवून बँड मंचावरून उतरतो.

मग थांबायचं. नऊ, दहा, अकरा. दुसऱ्यांची वादनं चालू आहेत. तीस वर्षं बँड चालवणाऱ्या माणसाला ताटकळत बसवलं, याचा राग एलिंग्टन यांना आला होता आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात हे तास कधीच नसतात. पण पुढच्या वादनात जी धग आहे, तिचं सरपण या तासांत साठलं असं मला वाटतं.

पावणेबारा. लोक घरी निघायला लागलेत आणि बँड पुन्हा मंचावर येतो. आधी महोत्सवासाठी एलिंग्टन आणि त्यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी खास रचलेला तीन भागांचा ‘न्यूपोर्ट फेस्टिव्हल सूट’. रचना नवी आहे, तालमी अपुऱ्या पडल्यात, टाळ्याही बेताच्याच.

मध्यरात्र उलटते. एलिंग्टन १९३७ सालची जुनी चीज काढतात, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. मूळ तबकडीच्या दोन बाजूंवर तिचे दोन भाग होते, आणि आज त्यांच्यामधली जागा पॉल गोन्साल्विसने टेनर सॅक्सोफोनवर भरायची. गोन्साल्विस हे नाव ऐकून आपल्याला गोवा आठवतो. त्याचं घराणं केप व्हर्दे बेटांवरचं, म्हणजे पोर्तुगिजांच्याच दुसऱ्या वसाहतीतलं. वाढला मात्र तो अमेरिकेतच. बँडबरोबर त्याला सहा वर्षं झालीत.

पियानो थोडा वेळ एकटा चालतो आणि पॉल पुढे येतो. ब्लूजचा साचा साधा असतो. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं एक आवर्तन, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. किती आवर्तनं घ्यायची ते आधी ठरलेलं नाही. सॅम वुडयार्डचे ड्रम आणि जिमी वुडचा बास लय जराही ढळू देत नाहीत. बाकीचे वादक ओरडून पॉलला चेतवत राहतात. सातव्या आवर्तनाच्या सुमारास काळ्या पोशाखातली एक बाई आपल्या जागेवरून उठून नाचायला लागते. तिच्याभोवतीचे लोक उठतात, मग त्यांच्या मागचे. निघालेले लोक परत फिरतात. हे इतकं वाढतं की दंगल होईल या भीतीने वीन ‘आता आवरा’ अशा खुणा करतात. एलिंग्टन थांबत नाहीत.

सत्तावीस आवर्तनं, म्हणजे तीनशे चोवीस खंड, सहा मिनिटांहून जास्त! यातले सूर कागदावर उतरवले तर फार अवघड काही दिसणार नाही, आणि ते लिहून दाखवणाऱ्या अभ्यासकांशी मी भांडत नाही. पण प्रत्येक नव्या आवर्तनाच्या तोंडाशी गर्दीचा आवाज चढतो आणि पॉलचं पुढचं वाक्य त्या आवाजाला धरून येतं. तबकडीच्या एका बाजूची तीन मिनिटं स्टुडिओत मोजून वाजवणाऱ्याला ही सोबत मिळत नाही. शेवटी सगळा बँड उसळतो आणि कॅट अँडरसनचा ट्रंपेट सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातो. एलिंग्टन माइकवर पॉलचं नाव पुन्हा पुन्हा पुकारतात.

त्यानंतर गर्दीला शांत करायचं काम जॉनी हॉजेसच्या संथ ऑल्टो सॅक्सोफोनकडे. बँड सुटायला एक वाजून जातो.

सोमवार, ९ जुलै. पाळी अजून संपलेली नाही. कोलंबियाचे निर्माते जॉर्ज अवाकियन टेप ऐकतात आणि अडचण कळते. उत्साहाच्या भरात पॉल चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला होता, सरकारी नभोवाणीच्या. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. सूटमध्येही कच्चे दुवे आहेत. बँड स्टुडिओत जमतो, सूट पुन्हा वाजवला जातो, त्यावर टाळ्या आणि गलका चढवला जातो. पॉलचं वादन मात्र त्या रात्रीचंच ठेवलं जातं, तसंच, लांबून येणारं. चुका सुधारायला पुन्हा वाजवणं मला मान्य आहे. उसन्या टाळ्या मात्र मला आजही सलतात, कारण त्या रात्री खऱ्या टाळ्यांनीच वादन घडवलं होतं. २० ऑगस्टला एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि कोलंबियाने काढलेली या मैफलीची तबकडी त्यांची सगळ्यात जास्त खपलेली तबकडी ठरली.

नभोवाणीची टेप १९९६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी दोन्ही टेपांची गती जुळवून, एक आवाज एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला ठेवून, १९९९ साली दोन सीडींचा संच केला. दोन संस्थांनी आपापल्या मायक्रोफोनवर वेगवेगळं टिपलेलं वादन तेव्हा पहिल्यांदा स्टिरिओत ऐकू आलं. जुन्या तबकडीवर माझा जीव आहे, तरी नव्या माणसाच्या हाती मी हाच संच देतो. त्यात शनिवारचं वादन आणि सोमवारचं स्टुडिओतलं काम दोन्ही आहे, आणि कुठलं कुठे वाजलं ते स्पष्ट लिहिलेलं आहे.